खिडकी कोणत्या बाजूला? : यानाच्या परतीची सात मिनिटं आणि नववीचा वर्ग

१५ जुलै २०२५ च्या दुपारी शुभांशू शुक्ला आणि त्यांचे तीन सहकारी ड्रॅगन यानातून अंतराळ स्थानकावरून परतत होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवतो, तिथं नववीच्या दोन्ही तुकड्या एका खोलीत दाटीवाटीनं बसवून आम्ही थेट प्रक्षेपण लावलं होतं. ‘वातावरणात शिरताना यान जवळून नेमकं कसं दिसतं?’ हा प्रश्न त्या दुपारी ज्या वळणानं पुढं गेला आणि त्याचं उत्तर शोधायला पुढचे कितीतरी तास लागले, ते सगळं इथं नोंदवतोय. माझ्यासारख्या इतर शिक्षकांना त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

मुलांच्या डोक्यात आधीच एक चित्र होतं, तिथून सुरुवात करतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. त्या दिवशी महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, धातूची एक भली मोठी कडी पडली. आसपासच्या भागात गोल टाक्याही सापडल्या. चिनी रॉकेटचा तो एक निकामी टप्पा होता. ती चित्रफीत इतक्या मोबाईलवर फिरली की तेव्हा पाचवी-सहावीत असलेल्या या मुलांनी ती पाहिलेली होतीच. त्यांच्या लेखी अंतराळातून परत येणं म्हणजे तेच. पेटलेला गोळा, मागं शेपूट, तुटणारे तुकडे.

म्हणून प्रक्षेपण सुरू करण्याआधी मी सगळ्यांना वहीचं एक पान फाडायला लावलं. सांगितलं, ‘तुम्ही यानात बसलात. खिडकीतून बाहेर बघताय. काय दिसतंय ते काढा.’ जवळजवळ सगळ्यांनी एकच चित्र काढलं. चौकोनी खिडकी आणि तळापासून वर उसळणाऱ्या लाल-पिवळ्या ज्वाळा. काहींनी काच तडकलेली दाखवली. एकानं खिडकीबाहेर धूर काढला आणि आत अंतराळवीराच्या कपाळावर घामाचे थेंब.

प्रक्षेपण मात्र फारच शांत निघालं. दोन वाजून गेल्यावर यानानं वेग कमी करण्यासाठी इंजिनं सुरू केली आणि ती सुमारे १८ मिनिटं चालली. त्यानंतर यानाची मागची नळकांडीवजा ट्रंक सुटून वेगळी झाली, म्हणजे उष्णतारोधक कवच आता उघडं पडलं होतं. मग आली ती साधारण सात मिनिटं, ज्यांत यानाशी संपर्क नसतो. आतलं चित्र नाही, आवाज नाही. ज्या क्षणाची मुलं वाट बघत होती नेमका तोच पडद्यावर नव्हता.

‘ओ सर, नेट गेलं काय?’ मागच्या बाकावरून आवाज आला.

मी म्हणालो, नेट गेलेलं नाही, यानच आत्ता बोलू शकत नाही. थोड्या वेळानं पॅराशूट उघडलेली दिसली. आधी दोन लहान, मग चार मोठी. ३ वाजून १ मिनिटानं यान कॅलिफोर्नियाच्या सॅन दिएगोजवळच्या समुद्रात उतरलं. तिथं तेव्हा पहाट व्हायची होती. टाळ्या झाल्या. पण मुलांच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर थोडी फसवणूक झाल्याची भावनाही दिसत होती आणि मला ती योग्यच वाटली. सगळ्यात मोठी गोष्ट पडद्याआड घडून गेली होती.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या पानावर नुसती खिडकी होती, ज्वाळा काढल्याच नव्हत्या. ‘सर, खिडकी कोणत्या बाजूला असते?’

या प्रश्नानं सगळं प्रकरण फिरलं. यान कवचाची बाजू पुढं करून येतं. अंतराळवीर कवचाकडं पाठ करून आसनात पडलेले असतात, म्हणजे ते अक्षरशः पाठीच्या दिशेनं वातावरणात शिरतात. खिडक्या बाजूच्या भिंतीवर. सगळ्यात प्रखर घडामोड कवचाच्या पुढ्यात, आणि तिकडं बघायला एकही खिडकी नाही. खिडकीतून दिसतो तो यानाच्या कडेनं मागं वाहून जाणारा उजेड. पहिल्यांदाच वर्गात कुणीतरी ‘काय दिसतं’ याच्या आधी ‘कुठून बघतोय’ हे विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी उष्णतेकडं वळलो. कारण ज्वाळा काढणाऱ्या प्रत्येकाचं स्पष्टीकरण एकच होतं: घर्षण. बातम्यांतही हाच शब्द असतो, अनेक पुस्तकांतही. हवा यानावर घासते, घासून तापते, पेट घेते. मला हे स्पष्टीकरण घातक वाटतं, कारण ते अर्धवट असूनही इतकं पटतं की पुढचा प्रश्नच कुणी विचारत नाही.

शाळेजवळच्या पंक्चरवाल्याकडून सायकलचा हातपंप आणला. नळीचं तोंड अंगठ्यानं गच्च दाबून एका मुलानं भराभर पंप मारला. दुसऱ्यानं पंपाच्या तळाशी हात लावला आणि झटकन मागं घेतला. ‘दांडा घासतोय की सर, तापणारच!’ असं पहिला म्हणाला. आक्षेप रास्त होता. मग पंप थंड होऊ दिला आणि अंगठा काढून तितकेच झटके मारायला सांगितलं. दांडा तसाच घासत होता, तितक्याच वेळा. पंप जेमतेम कोमट झाला. फरक कशाचा? पहिल्या वेळी हवेला बाहेर पडायला वाट नव्हती, ती दाबली जात होती. दाबलेली हवा तापते. पंपाच्या तळाशी हात ठेवून, डोळे मिटून त्या मुलानं हे दोनदा ताडून पाहिलं. त्यानंतर वर्गात ‘घर्षण’ हा शब्द कुणी सहज उच्चारला नाही.

यानासमोर हेच घडतं, फक्त वेग निराळा. कक्षेतून येणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त. सोलापूर ते पंढरपूर सरळ रेषेत साठेक किलोमीटर, म्हणजे आठ सेकंद. आषाढी नुकतीच होऊन गेली होती. घरच्यांबरोबर पायी जाऊन आलेली दोन-तीन मुलं हे ऐकून एकमेकांकडं बघत राहिली. इतक्या वेगानं येणाऱ्या वस्तूसमोरच्या हवेला बाजूला सरायची सवडच मिळत नाही. ती कवचापुढं साचते, दाबली जाते, आणि शॉक वेव्हचा, म्हणजे एकाएकी दाबल्या गेलेल्या हवेचा, एक थर कवचापासून थोडा दूर, ड्रॅगनएवढ्या यानाला साधारण वीतभर अंतरावर, उभा राहतो. त्या थरात हवेचं तापमान कित्येक हजार अंशांवर जातं. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू तुटतात, काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. हा प्लाझ्मा, आणि जो उजेड दिसतो तो मुख्यतः याचाच. म्हणजे तो हवेचा उजेड आहे. यान जळत असल्याचा नाही.

हिशेबही केला, कारण ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा त्यांच्या हातात ताजाच होता. या वेगाला प्रत्येक किलो वस्तुमानामागं सुमारे २.९ कोटी ज्यूल गतिज ऊर्जा असते. एक किलो टीएनटी हे स्फोटक फुटलं तर साधारण ४२ लाख ज्यूल मिळतात. म्हणजे यानाचा प्रत्येक किलो सुमारे सात किलो टीएनटीइतकी ऊर्जा बाळगून खाली येतो, आणि समुद्राला टेकेपर्यंत ती जवळजवळ सगळी कुठंतरी सोडून द्यावी लागते. ती यानातच शिरली तर यान उरणार नाही. म्हणून ती हवेला द्यायची.

ती कशी द्यायची हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एम्स संशोधन केंद्रात एच. ज्युलियन अ‍ॅलन यांनी दाखवलं. तोवर वेगासाठी टोकदार आकार चांगला, असाच विचार चालत होता. अ‍ॅलन यांनी उलट सांगितलं, की पुढची बाजू बोथट हवी. टोकदार वस्तूवर शॉक वेव्ह चिकटून राहते आणि उष्णता थेट वस्तूत शिरते. बोथट वस्तू शॉक वेव्हला स्वतःपासून दूर ढकलते, त्यामुळं बहुतेक उष्णता हवेतच राहते आणि हवेबरोबरच मागं निघून जाते. उरलेला थोडका भागही कवचाचा पृष्ठभाग दीड-दोन हजार अंशांवर नेतो, आणि तिथं कवचाचं द्रव्य स्वतः करपत, झिजत ती उष्णता घेऊन निघून जातं. मुलांना हे फार आवडलं. कवच जळून कामी येतं, आणि खिडकीबाहेरून ज्या ठिणग्या मागं उडताना दिसतात त्यांतल्या काही याच करपलेल्या द्रव्याच्या असतात.

भारतानंही हे करून पाहिलंय, हे सांगितल्यावर वर्गात वेगळीच जाग आली. जानेवारी २००७ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटनं कक्षेत सोडलेली एसआरई-१ ही कुपी बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली गेली. १८ डिसेंबर २०१४ ला एलव्हीएम-३ रॉकेटच्या चाचणीत क्रू मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीरांसाठीची कुपी, माणसाविना सुमारे १२६ किलोमीटर उंचीवरून वातावरणात आणलं गेलं. ‘गगनयान’ची वाट याच टप्प्यांवरून जाते.

आता प्रत्यक्ष दृश्याकडं. त्याच आठवड्यात आम्ही दोन चित्रफिती बघितल्या आणि मध्येमध्ये थांबवून बघितल्या. पहिली वार्दा कंपनीच्या छोट्या, माणसाविना उडालेल्या कुपीची. ती २१ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेच्या युटा राज्यात उतरली. तिच्यावरच कॅमेरा होता. दुसरी नासाच्या ओरायन यानाच्या खिडकीतून टिपलेली, ११ डिसेंबर २०२२ ची. ओरायन चंद्राकडून येत होतं, म्हणून त्याचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटरच्या घरात होता.

पहिली गोष्ट जी मुलांना खटकली ती म्हणजे सुरुवात इतकी हळू असते. यान जेमतेम एक-दोन अंशांच्या उतरत्या कोनात येतं. १२० किलोमीटर उंचीवर वातावरणाची हद्द धरतात खरी, पण तिथं पोचल्यावर काहीही पेटत नाही. काळं आकाश, खाली पृथ्वीची वाकलेली कड, आणि काचेच्या कडेला आधी नसलेली फिकट झाक. नारिंगी आहे की गुलाबी, यावर वर्गात वाद झाला. थांबवून बघितलं तेव्हा दोन्ही होतं. वर सत्तर किलोमीटरच्या आसपास हवा समुद्रसपाटीच्या हवेच्या दहा हजाराव्या भागाहूनही विरळ असते, आणि एवढ्याशा हवेनंही हा उजेड तयार होतो.

मग तो वाढतो. एकसारखा नाही. थरथरत, लपापत वाढतो. यानाच्या मागं हवेचे प्रवाह पुन्हा एकत्र येतात, भोवरे होतात, आणि त्यांच्याबरोबर उजेड धडधडत राहतो. मधूनच एखादा तेजस्वी कण खिडकीसमोरून मागं जातो आणि दिसेनासा होतो. सगळा प्रवाह यानापासून दूर, मागं जातोय. मुलांनी काढलेल्या ज्वाळा तळापासून वर उसळत होत्या, कारण त्यांनी पाहिलेली प्रत्येक आग वर जाते. इथं वर-खाली असं काही नाही, आहे ती फक्त पुढची आणि मागची दिशा. एका मुलानं थांबवलेल्या चित्रावर बोट ठेवून म्हटलं, ‘सर, ही आग नाहीच, हा वारा दिसतोय.’ मी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

शेवटी हा उजेड विझतोही तसाच, हळूहळू. काळं आकाश निळं होतं आणि पॅराशूटची दोरी दिसते. वार्दाची कुपी जमिनीवर आपटून आडवी होते, धूळ उडते, माणसं चालत येतात. वर्ग या भागात सगळ्यात जास्त हसला, मोकळेपणानं.

‘मग शुभांशूंचं यान का बोलू शकत नव्हतं, आणि स्टारशिपचं थेट चित्र कसं आलं?’ हा प्रश्न आठवीतून उड्या मारत नववीच्या वर्गात येऊन बसणाऱ्या एका मुलाचा होता. यूट्यूबवर तो सगळं बघतो. प्लाझ्मातले मोकळे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी अडवतात, परतवतात. लहान यानाला हे वेष्टण जवळजवळ सगळीकडून घेरतं. स्टारशिप हे स्पेसएक्स कंपनीचं यान प्रचंड आहे, त्याच्या पाठीमागं प्लाझ्मा विरळ असलेली एक जागा उरते, आणि तिथून वरच्या उपग्रहांकडं संदेश पाठवता येतो. ६ जून २०२४ च्या उड्डाणात याच वाटेनं त्याचा एक पंखासारखा फ्लॅप वितळत, फाटत जाताना जगानं थेट बघितला. कॅमेऱ्याची काचही तडकली. तरी त्या यानानं शेवटी वेग आवरून समुद्रावर नियंत्रित अवतरण केलं.

यावरून चर्चा जिथं गेली तो माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचा गाभा आहे. एका मुलीनं विचारलं, ‘कल्पना चावलांना काय दिसलं असेल?’

मी हा विषय टाळणार होतो असं नाही, पण तो मुलांकडून आला हे बरं झालं. कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ ला परतताना तुटलं, सातही जण गेले. अवशेषांत एक व्हिडिओ टेप सापडली आणि नासानं ती प्रसिद्ध केली. कॉकपिटमध्ये चौघं आहेत, कल्पना त्यांत आहेत. हातमोजे चढवणं चाललंय, एकमेकांना मदत चाललीय. खिडक्यांवर नारिंगी-गुलाबी उजेड लवलवतोय आणि ते त्याबद्दल कौतुकानं बोलतायत. ही टेप बिघाडाची पहिली खूण दिसण्याच्या काही मिनिटं आधी संपते. तो उजेड अगदी नेहमीचा होता, प्रत्येक परतीत दिसतो तसाच. घात आधीच झालेला होता. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता, तिथं भोक पडलं होतं, आणि परतीत तापलेला वायू त्यातून पंखाच्या आत शिरला. समोरच्या खिडक्यांतून यातलं काहीही दिसणार नव्हतं.

याच्या अगदी उलट अमेरिकेचे अंतराळवीर जॉन ग्लेन. २० फेब्रुवारी १९६२ ला परतताना त्यांना कवच सैल झाल्याची शंका कळवली होती, म्हणून कवचावर पट्ट्यांनी बांधलेला रॉकेटांचा संच सोडून न देता तसाच ठेवला होता. तो जळून तुटला आणि पेटते तुकडे त्यांच्या खिडकीसमोरून उडत गेले. आपलंच कवच तुटतंय की काय, असं त्यांना वाटण्यासारखं ते दृश्य होतं. कवच शाबूत होतं. ते सुखरूप उतरले.

आणि रशियाचं सोयूझ यान. राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ ला याच जातीच्या यानातून परतले. सोयूझच्या खिडक्यांची बाहेरची काच येताना काजळून काळी होते. पॅराशूट उघडल्यावर ती बाहेरची काच टाकून दिली जाते आणि मग आत पुन्हा उजेड येतो. बाहेरून बघणाऱ्याला ती करपलेली कुपी भयंकर वाटेल, पण ती नेहमी तशीच दिसते.

खिडकीतलं दृश्य आणि धोका यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे मुलांनी या उदाहरणांवरून स्वतः मांडलं. ज्याला तुकडे दिसले तो वाचला, ज्यांना सुंदर उजेड दिसला ते गेले. धोका कवचात, पंखाच्या कडेत, सांध्यांत असतो. तो तापमापकांच्या आकड्यांत दिसतो, तोही वेळेवर बघितला तर. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्या मुलीनं खिडकीची बाजू विचारली होती तिनं विचारलं, की मग अंतराळवीरांना आत बसून कळतं कशावरून की सगळं ठीक चाललंय? मी सांगितलं ते इतकंच: अंगावरच्या भारावरून काही कळतं, ड्रॅगनमध्ये तो वजनाच्या साधारण चारपट होतो, पडद्यावरच्या आकड्यांवरून कळतं, आणि आवाजावरून. २०२० मध्ये ड्रॅगनच्या पहिल्या मानवी उड्डाणातून परतलेल्या बॉब बेन्केन यांनी सांगितलं होतं की वातावरणात शिरल्यावर यान यंत्रासारखं नव्हे, जिवंत जनावरासारखं आवाज करत होतं. आवाजाबद्दल तोवर कुणी विचारच केला नव्हता.

शेवटी पुन्हा कोरी पानं वाटली, तोच प्रश्न. या वेळची चित्रं एकमेकांसारखी नव्हती. काहींनी खिडकीच्या एका कडेला नुसता गुलाबी पट्टा काढला. काहींनी रेषा सगळ्या एकाच दिशेनं, मागं जाणाऱ्या ओढल्या. धूर काढणाऱ्यानं धूर काढला नाही, पण अंतराळवीराच्या कपाळावरचा घाम तसाच ठेवला. विचारल्यावर म्हणाला, ‘आत गरम होत नसेल सर, पण भीती तर वाटत असेल.’ मी ते चित्र बदलायला सांगितलं नाही. ज्या मुलीनं आधी खिडकी कोरी ठेवली होती तिनं या वेळी यान बाहेरून काढलं, कवच खाली, शॉक वेव्ह वीतभर दूर, आणि बाजूच्या भिंतीवर खिडकीसाठी एक बारीक चौकोन.

ज्यांना हा तास घ्यायचाय त्यांच्यासाठी क्रम सांगतो. चित्रं आधी काढून घ्या, काहीही दाखवण्यापूर्वी. मग पंप, दोन्ही प्रकारे, अंगठ्यासह आणि अंगठ्याविना. दुसरा भाग गाळला तर घर्षणाचा समज तसाच राहतो. वार्दा आधी, ओरायन नंतर, आणि फिकट झाक पहिल्यांदा दिसते तिथं नक्की थांबा. ऊर्जेचं गणित मुलांनाच करू द्या. कोलंबिया शेवटी घ्या, आणि त्यानंतर लगेच घंटा होईल अशी वेळ ठेवू नका.